फ्लेक्सवरची पोर

आमच्या क्लबात एक पितळी घंटा आहे. अध्यक्षानं ती वाजवली की मीटिंग सुरू, पुन्हा वाजवली की संपली. मधल्या वेळात पुरुष मंडळी भर उन्हात ब्लेझर घालून, छातीला बिल्ला लावून समाजसेवेवर बोलतात. समाजसेवेचा कांदा मात्र आम्ही बायका चिरतो. हे मी तोंडावर सांगते, म्हणून मला कमिटीत कुणी घेत नाही. नवऱ्याबरोबर क्लबात आले ती सगळ्यांची वहिनी म्हणून, आणि आजही वहिनीच आहे. शिरूरच्या बाजारपेठेत नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्याला लागून माझं ब्लाऊज शिवायचं आणि साड्यांना फॉल लावायचं.

कांद्याचं मी उगाच म्हणत नाही. दर हिवाळ्यात एका रविवारी आमच्या क्लबाची मिसळ असते. मंगल कार्यालय फुकट मिळतं, पाव बेकरीवाला देतो, फरसाण आमच्यातलाच एक जण देतो. कुपनं महिनाभर आधी खपवायची. दुकानात गिऱ्हाईक आलं की ब्लाऊजच्या मापाबरोबर कुपन गळ्यात मारायचं. जमलेल्या पैशातले निम्मे इथल्या कामाला जातात आणि निम्मे परदेशातल्या मुलांच्या लसीला. ‘आफ्रिकेच्या लसीला शिरूरची तर्री’ असं मी एकदा भर मीटिंगमध्ये म्हटलं तर अध्यक्ष हसून हसून खोकायला लागले. पण खरं सांगते, मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना मला बरं वाटायचं. कुठल्या देशातलं कुठलं पोर, त्याच्या दंडात आपल्या मिसळीची सुई टोचणार! असं कुणाला कधी सांगितलं नाही, एवढंच.

तर अक्का. अक्का माझ्याकडं फॉल लावायला येते, तिला पंधराएक वर्षं झाली. वडगाव रासाईची. नवरा झेंडू लावतो, थोडी मेथी-कोथिंबीर. आठवड्यातनं दोनदा ती जीपनं शिरूरला येणार, साड्यांचं गाठोडं घेऊन जाणार, पुढच्या खेपेला करून आणणार. मी तिला अक्का म्हणते, ती मला ताई म्हणते. आमच्यात मोठी कोण ते आम्हा दोघींनाही माहीत नाही. तिची एक मुलगी आहे. ती शाळेत होती तेव्हा माझ्या दुकानात काउंटरखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. मला काकू म्हणते. पुढं ती डिप्लोमा झाली आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत तिची निवड झाली. पेढे द्यायला आली तेव्हा मी तिला एक ड्रेसपीस दिला आणि शिवूनही दिला. माप घेताना बघितलं, पोरगी दंडाला काडी झालेली. मला वाटलं, परीक्षेनं.

कंपनीत घ्यायच्या आधी डॉक्टर तपासतात. त्या डॉक्टरानं छातीला नळी लावली आणि लावूनच बसला. म्हणाला, मोठ्या दवाखान्यात दाखवा. पुण्यात दाखवलं तर निघालं की हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. पोरगी लहानपणी पळताना दमायची, तर सगळे म्हणायचे, आळशी आहे. मीही म्हटलं असेल. डॉक्टर मोठे समजूतदार होते. छाती फाडायची नाही म्हणाले; मांडीच्या शिरेतून एक बटणासारखी चकती वर नेऊन बसवायची, भोक बुजलं की संपलं. अंगावर टाका नाही, व्रण नाही. नोकरी करा, लग्न करा, पोरं होऊ द्या. फक्त ती चकती महाग. सरकारी योजनेत वयाचं काहीतरी बसेना.

अक्का दुकानात येऊन हे सांगत होती आणि तिचे हात सवयीनं एका पैठणीचा फॉल टाचत होते. सांगून झालं तेव्हा म्हणाली, “ताई, तुमच्या कलबातनं काय व्हतंय का बघा. पन येक हाय. कुनाला कळता कामा न्हाई. पोरीचं लगीन व्हायचंय.”

मी शब्द दिला. मला शब्द द्यायची हौसच आहे.

क्लबात विषय मांडला तर सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे अध्यक्ष खत-बियाण्यांचे व्यापारी, माणूस दिलदार. कुणाच्या घरात आजारपण निघालं की यांची गाडी दारात उभी. ते म्हणाले, “वहिनी, यंदाची मिसळ त्या पोरीची. आपलीच लेक समजा.” मी म्हटलं, नाव कुठं यायला नको. ते म्हणाले, “अहो, नाव कशाला? गरजू मुलगी म्हणायचं.” आणि तसंच म्हटलं. मिसळीच्या दिवशी मंडपात बोर्ड लागला तो ‘एका गरजू मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी’ एवढाच. अक्का त्या दिवशी पहाटेपासून माझ्या शेजारी बसून लिंबं कापत होती. लोक मिसळीवर ताव मारत विचारत होते, कोण हो मुलगी? आणि गरजू मुलीची आई खाली मान घालून लिंबाच्या बिया काढत होती.

चकती बसली. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली. ज्या दिवशी सुट्टी मिळाली त्या दिवशी अध्यक्ष पुण्याला होते, ते मुद्दाम दवाखान्यात आले, फुलांचा गुच्छ घेऊन. गुच्छ बघून पोरगी हसली. काय हसली! महिनाभर त्या चेहऱ्यावर मी हसू बघितलं नव्हतं. अध्यक्षांनी पटकन मोबाइल काढला. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मी अध्यक्षांकडं. ते म्हणाले, “फक्त आपल्या ग्रुपवर हो वहिनी. ज्यांनी राबून पैसे जमवले त्यांना बघू द्या की पोरगी हसताना.” मलाही तेव्हा ते पटलं. तो फोटो माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी तो नवऱ्याला दाखवला, आणि आम्ही दोघं जरा वेळ नुसते बघत बसलो.

पुढं सगळं सुरळीत झालं. कंपनीच्या डॉक्टरानं सही केली, पोरगी कामावर लागली, बसमधून जायला-यायला लागली. अंगावर मांस आलं. आणि पावसाळा सरताना स्थळ आलं. खुटबावचं. मुलगा दौंडला नोकरीला, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. घरी थोडा ऊस, दोन म्हशी. बघायला आले, पोहे झाले, दोन्हीकडं पसंती झाली. मुलानं नंबर मागितला तो बापासमोर उघड मागितला, हे मला आवडलं. मग रोज फोन. पोरगी दुकानात आली की पाच मिनिटांत बाहेर ओट्यावर जाऊन उभी. मी आतनं ओरडायचे, “अगं, बिल कोणाचं येतंय?” ती लाजून आत यायची.

आता प्रश्न उभा राहिला. अक्काचं म्हणणं, सांगायचंच नाही. बरी झालीय ना? टाका दिसतो का? मग कशाला आपल्या हातानं धोंडा पाडून घ्यायचा? पोरीचं म्हणणं वेगळं. एका दुपारी ती माझ्या दुकानात, त्याच काउंटरला टेकून म्हणाली, “काकू, मी त्याला सांगणार हाय. फोनवर न्हाई, समोर बसून. रिपोर्ट बी दाखवणार. न्हाई म्हनला तर न्हाई म्हनू दे. पन माझ्या तोंडानं कळलं पायजे त्याला.” येत्या रविवारी तो तिला भेटायला शिरूरला येणार होता. माझ्याच घरी बसायचं, मीच चहा करायचा, आणि मीच बाजूच्या खोलीत निघून जायचं, असं ठरलं होतं. अक्का रडली, चिडली, दोन खेपा माझ्याशी बोलली नाही. मी तिला म्हटलं, “अक्का, पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. बोलू दे तिला.” शेवटी ती म्हणाली, “तुमी दोगी काय ते बघा.”

रविवारच्या आधी दोन दिवस मी सकाळी दुकान उघडायला निघाले. एसटी स्टँडसमोरच्या चौकात रिक्षा थांबली आणि मी सहज वर बघितलं.

ती हसत होती. एवढी मोठी! माझ्या दुकानाच्या शटरपेक्षा मोठा चेहरा, तो गुच्छ, ते दवाखान्यातलं हसू. खाली ओळीनं आमच्या क्लबातले सगळे ब्लेझरवाले, गोल चौकटीत, हात जोडून. माझा नवराही होता. आणि वर लाल अक्षरांत तिचं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट: ‘हिच्या हृदयाचे छिद्र बुजवून आमच्या क्लबने दिले नवे जीवन.’ आणि त्याखाली क्लबाच्याच कोणा वरच्या साहेबांचं शिरूर नगरीत सहर्ष स्वागत.

मी रिक्षातच बसून राहिले. रिक्षावाला म्हणाला, “उतरता ना काकी?”

आमच्याकडं फ्लेक्सचं वेड किती आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं पोर दहावी पास, लावा फ्लेक्स. गल्लीत कुत्र्याचासुद्धा वाढदिवस फ्लेक्सवर झालेला मी बघितलाय. फ्लेक्सवर फोटो येणं म्हणजे मान. अध्यक्षांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगते. त्यांना त्या पोरीला मान द्यायचा होता.

फोन लावला. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अध्यक्ष आधी गडबडले, मग समजावणीच्या सुरात आले. “वहिनी, शांत व्हा. लोकांनी पैसे दिलेत. ते कुठं गेले हे लोकांना दिसायला नको? उद्या म्हणतील, मिसळ खाऊन ढेकर दिली यांनी. आणि वरून साहेब येतायत, त्यांना काम दाखवायला नको? अहो, यात वाईट काय आहे? पोरगी बरी झाली, आनंदाची गोष्ट आहे.”

“तिला विचारलंत?”

“आपलीच लेक आहे, वहिनी. तिला काय विचारायचं?”

आपलीच लेक म्हणून चौकात टांगली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. ते म्हणाले, साहेब रविवारी येऊन जाऊ देत, सोमवारी सकाळी काढतो. मी म्हटलं, सोमवारी काढून मग घरात लावा, आणि फोन आपटला. नवऱ्यावरही डाफरले. तो बिचारा म्हणाला, “माझा फोटो कुठनं घेतला ते मलाच माहीत नाही.” ते खरंच होतं.

फ्लेक्सवाला माझ्या ओळखीचा, त्याच्या बायकोचे ब्लाऊज मीच शिवते. त्याला गाठलं. म्हटलं, किती लावलेत? तो बोटं मोजायला लागला: हा स्टँडचा, एक तहसीलसमोर, एक न्हावऱ्याच्या फाट्यावर, आणि तळेगाव ढमढेरेच्या बाजारात एक मोठा, “तिथं गर्दी असती ना काकी.” तळेगावच्या बाजाराला वडगावची सगळी जीप भरून जाते. खुटबावकडनंही भाजी घेऊन माणसं येतात. आणि त्या दिवशीच तिथं बाजार होता.

त्याच्या टेम्पोत बसले आणि निघाले. शिरूरचे दोन काढले, फाट्यावरचा काढला. तळेगावात पोचलो तेव्हा बाजार भर रंगात होता. फ्लेक्सच्या बरोबर सावलीला एक भाजीवाली बसली होती, वांगी लावून. मी वर बघते आहे म्हटल्यावर तीही वर बघून म्हणाली, “वडगावची हाय की वो ही. बघा ना, येवढी चांगली पोर, काळजाला भोक हाय म्हनं.”

“आता नाही. बुजलंय ते,” मी म्हटलं.

“आसं व्हय,” ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला वांगी जोखून देता देता त्यालाही सांगितलं, “काळजाला भोक हाय, बरं का तिच्या.”

फ्लेक्सवाल्यानं शिडी लावली. लोक गोळा झाले. उतरवताना वाऱ्यानं फ्लेक्सचं एक टोक सुटलं आणि ती अर्धी पोर हवेत फडफडायला लागली. खाली दोन-चार जण मोबाइल वर धरून फोटो काढत होते. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. “काय बघता? घरात लेकी नाहीत का?” ते हसले. एक म्हणाला, “मावशी, चांगल्या कामाचाच फोटो हाय की.” कुणाकुणाचे मोबाइल हिसकावणार होते मी?

परत येताना टेम्पोत मागं ते गुंडाळलेले फ्लेक्स गडगडत होते. मला वाटलं, वेळेत काढले. दोन दिवस आहेत अजून. रविवारी पोरगी बोलेल आणि सगळं मार्गी लागेल. अक्काला फोन केला नाही. म्हटलं, कशाला उगाच जिवाला घोर.

संध्याकाळी पोरीचाच फोन आला. आवाजावरनं कळलं. मुलाचा मामा तळेगावला काकडी घेऊन गेला होता. त्यानं तिथनंच फोटो काढून पाठवला होता, घरच्या सगळ्यांना.

“त्यो म्हनला, मला फ्लेक्सवरनं कळलं,” ती म्हणाली. “मी म्हनलं, मी रविवारी सांगनारच व्हते. तर म्हनला, आता तसंच म्हनशील.”

मी म्हटलं, थांब, मी बोलते त्याच्याशी. आणि बोलले. मुलगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं. ती सांगणार होती, माझ्या घरी, रविवारी, हे मी आईची शपथ घेऊन सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, माझा विश्वास हाय. पन घरी कुनाचाच न्हाई. आई म्हनते, गावाला कळलं तवा आपल्याला कळलं. आजार लपवला ते लपवला, वर फ्लेक्स लावून दाखवला. मी काय सांगू तिला?”

त्या बाईच्या जागी बसून बघितलं तर तिला दुसरं काय दिसणार होतं?

रविवारी मी सवयीनं कांदेपोह्यांचे पोहे भिजवले आणि मग लक्षात आलं की कुणी येणार नाही. दुपारी बाजारपेठेतून फटाक्यांचा आवाज आला. वरचे साहेब आले होते. मी गेले नाही. नवरा जाऊन आला, त्याला शाल मिळाली. ती त्यानं गुपचूप कपाटाच्या तळाशी ठेवली.

अध्यक्ष पुढच्या आठवड्यात दुकानात आले. ब्लेझर नव्हता, साध्या शर्टात. खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टेपच्या गुंडाळीशी खेळत राहिले. म्हणाले, “वहिनी, मी जाऊन येतो खुटबावला. पाया पडतो त्यांच्या.” मी म्हटलं, “तुम्ही गेलात तर सगळं गाव गोळा होईल.” ते म्हणाले, “मग मी काय करू?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ठाऊक असतं तर मीच नसतं का केलं?

पोरगी कामाला जात राहिली. तिला कुणी विचारलं की म्हणायची, “जिवंत हाय ना मी? मग झालं.” दुकानात यायची, पण ओट्यावर जाऊन उभी राहायची नाही. दुसरं एक स्थळ आलं, तिसरं आलं. चौकशीला म्हणून माणूस गावात शिरला की पहिल्या टपरीवरच त्याला कळायचं. दरवेळी अक्का म्हणायची, बरी झालीय वो ती. आणि समोरचा म्हणायचा, व्हय व्हय, फ्लेक्स बघितलाय आम्ही.

यंदाची मिसळ आली. मी जाणार नव्हते. पण कुपनं खपवायच्या आधीच संपली. दरवर्षी गळ्यात मारावी लागायची, यंदा लोक दुकानात येऊन मागून नेत होते. “मागच्या टायमाला त्या पोरीचं काम केलं ना तुम्ही, चांगलं केलं. आमची चार कुपनं लिहा.” लोकांनी चेहरा बघितला होता. त्या हसऱ्या चेहऱ्यावर इतके पैसे जमले की यंदा दोन लहान मुलांची ऑपरेशनं होणार होती, आणि परदेशातल्या लसीला गेले ते वेगळेच. त्या दोघांतलं एक पोर तीन वर्षांचं, ओठ निळे पडायचे त्याचे. आता सांगा, मी तर्री करायची नाही म्हणू? पातेल्यात डाव फिरवताना मला रडू फुटलं, तर शेजारची म्हणाली, तिखट फार झालं का वहिनी? मी म्हटलं, हो, फार झालं.

लिंबं कापायला अक्का आली नव्हती. ती महिनाभर दुकानातही फिरकली नव्हती. निरोप आला होता की गुडघे धरलेत. मिसळ झाल्यावर मी एका दुपारी वडगावला गेले, साड्यांचं गाठोडं घेऊनच, म्हणजे भेटायला आले असं वाटू नये. पोरगी कामावर गेली होती. नवरा शेतात. अक्का दारातच लसूण सोलत बसली होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, “गुडघ्यांना काय झालं? लई फिरलीस का?”

“फिरले तर,” ती म्हणाली. “तळ्यागावला गेले, न्हावऱ्याला गेले, पार नदीच्या कडंला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांपतूर गेले.”

“कशाला?”

ती उठली, भिंतीला हात धरत आत गेली आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. गोधड्या बाजूला केल्या. खाली घड्या घातलेले फ्लेक्स होते. आमच्या क्लबातले ब्लेझरवाले वरच्या बाजूला, हात जोडून. चेहऱ्याची बाजू आत.

फ्लेक्सवाल्यानं नेहमीप्रमाणं केलं होतं. फ्लेक्स उतरवला की लोखंडी सांगाडा ठेवायचा आणि कापड शेतकऱ्यांना विकायचं. जाड असतं, पाणी धरत नाही. कांदा साठवायच्या ऐरणीवर टाकतात, कडब्यावर टाकतात, गोठ्यावर टाकतात. सगळेच तसं करतात, मी स्वतः दुकानामागच्या मोरीवर एका पुढाऱ्याला टाकलंय. आणि त्या दिवशी मी टेम्पोतून उतरताना ‘काढले एकदाचे’ म्हणून हात झटकले होते.

“येक कांद्यावर व्हता,” अक्का सांगायला लागली. “त्यानं काय म्हनलं न्हाई, दिला. येक भाजीवालीनं डोक्यावर बांधला व्हता, तिला नवी ताडपत्री घेऊन दिली. ऊसतोडीवाल्यांच्या कोपीवरचा काढताना त्यांची पोरं रडाया लागली, घर उघडं पडलं म्हनून. त्यास्नी बी ताडपत्री दिली. ती बाई म्हनली, आमी रोज निजताना हिला बघतो, लई ग्वाड हसती, कोन हाय तुमची?”

“काय सांगितलंस?”

“काय सांगनार? कुनी न्हाई म्हनलं.”

ती घडीवरून हात फिरवत होती. एका कडेला कांद्याची सालं चिकटली होती, ती तिनं नखानं काढली. मी म्हटलं, “अक्का, अगं कापड आहे ते. जाळून टाक.”

“पोरीचं तोंड हाय त्याच्यावर,” ती म्हणाली. “जाळू कशी?”

पेटी तिनं बंद केली. गोधड्या पुन्हा वर नीट रचल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “येकच राह्यलाय. खुटबावात हाय म्हनं, कुनाच्यातरी गोठ्यावर. जीपवाल्यानं बघितला. बाकी सगळीकडं गेले ताई, पन तितं कशी जाऊ मी?”

मी म्हटलं, मी जाते. आणि गेले, दुसऱ्याच दिवशी, नवी ताडपत्री घेऊन. मुलाच्या घराकडं जायचा रस्ता सोडून पलीकडच्या आळीला विचारत विचारत गेले. गोठा सापडला. चेहरा वरच्या अंगाला होता, उन्हानं फिका पडलेला, पण हसत होता. गोठ्यात म्हशीजवळ एक म्हातारे आबा होते. मी त्यांना म्हटलं, हा फ्लेक्स द्या आणि ही ताडपत्री घ्या. त्यांनी ताडपत्री हातात घेऊन चाचपली, मला परत दिली.

“बाई, परवाच पोरांनी त्याच्यावर पत्रं ठोकायला सुरुवात केलीय. खिळं मारल्यात समदीकडं. आता काढाया गेलं तर फाटंल ते. तुमाला फाटका चालंल का?”

मी वर बघितलं. एक खिळा तिच्या कपाळाजवळ होता.

“नको,” मी म्हटलं. “राहू द्या.”

संध्याकाळी अक्काचा फोन आला. एवढंच विचारलं तिनं, “आनली का वो पोर घरी?”